कोचीन कोंबड्या: पावसाळ्याआधी सल्ला हवाय (कोल्हापूर आणि आसपास)

उचगावचा_नवखा

राम राम मंडळी. उचगावला घरामागं दोन-अडीच गुंठे मोकळी जागा आहे. गावरान कोंबड्या आईच्या काळापासून आहेतच. गेल्या दिवाळीला हौसेनं कोचीन आणल्या, एक कोंबडा आणि तीन माद्या. चारही बफ म्हणजे पिवळसर सोनेरी रंगाच्या. पायाच्या बोटांपर्यंत पिसं, अंगानं गोल गरगरीत, आणि स्वभाव इतका गरीब की माझी धाकटी त्यांना मांडीवर घेऊन टीव्ही बघते.

मृग तोंडावर आलाय आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झालाय. या पायांच्या पिसांचं चिखलात काय होणार? दुसरं म्हणजे उबवायच्या मशीनला अंडी लावली तर निम्म्याहून जास्त फळलेलीच नव्हती, आणि कोंबडा तर दिवसभर माद्यांच्या मागं असतो. शिवाय एका मादीचा तुरा बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, बारका आणि चपटा. पुढंमागं पिल्लं करून विकायचा विचार आहे, त्यात काही दम आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगा, वाचायला वेळ आहे.

वाशीचा_मामा

आधी तुऱ्याचं बघू, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कोचीनला एकेरी तुरा असतो, सरळ उभा, पाच दातांचा. नराला आणि मादीलाही. बारका, डोक्याला चिकटलेला, तीन ओळींत दाणे बसवल्यासारखा असेल तर त्याला वाटाणा तुरा म्हणतात, आणि तो ब्रह्मा जातीचा. ब्रह्मालाही पायावर पिसं असतात, म्हणून विकणारे दोन्ही एकाच नावानं खपवतात. ब्रह्मा उंच, छाती काढून उभा राहणारा, भुवया पुढं आलेल्या, त्यामुळं कायम रागावल्यासारखा दिसतो. कोचीन बुटकी वाटते, कारण पिसं जवळजवळ जमिनीला टेकतात. मागून बघितली तर शेपटी अशी दिसतच नाही, नुसता पिसांचा गोळा. त्या मादीचा फोटो टाक, एक समोरून आणि एक बाजूनं.

उचगावचा_नवखा

टाकला मामा. कोंबड्याचाही टाकलाय, वजन सव्वातीन किलो भरलं.

वाशीचा_मामा

मादी पूर्ण ब्रह्मा नाही, पण ब्रह्माचं रक्त नक्की आहे. वाटाणा तुरा एकेरीवर भारी पडतो, संकराच्या पहिल्या पिढीत तसलाच तुरा निघतो. हिची अंडी घरात खायला वापर, उबवायला ठेवू नको. पक्षी म्हणून काही वाईट नाही, काढून टाकायची गरज नाही.

कोंबड्याचं वजन बघून घाबरू नको. पूर्ण वाढलेला कोचीन नर पाच किलोच्या आसपास जातो, मादी पावणेचार-चार. पण ही जात फार हळू भरते. दीड-दोन वर्षं जाऊ देत, मग बोल. वजन वाढावं म्हणून मका ओतायला मात्र सुरुवात करू नको, त्याचं पुढं कुणीतरी लिहीलच.

केरळातून आल्यात असं विकणाऱ्यानं सांगितलं असेल तर ऐकून सोडून दे. मूळ पक्षी चीनमधले. १८४० च्या दशकात शांघायकडून जहाजानं इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीच्या खुराड्यात पोचले आणि मग तिकडं आणि अमेरिकेत कोंबड्यांचं असं वेड पसरलं की एकेका जोडीला अव्वाच्या सव्वा किमती आल्या. त्या वेळच्या पक्ष्यांना इतकी पिसं नव्हती. प्रदर्शनात नंबर काढायच्या नादात माणसानं पिढ्यानपिढ्या निवड करून ती वाढवली. १८७४ मध्ये कोंबड्यांच्या जातींच्या अमेरिकन मानकात बफ, पार्ट्रिज म्हणजे तित्तिरासारखा, पांढरा आणि काळा असे चार रंग धरले गेले, बाकीचे नंतरचे. हे सांगायचं कारण एवढंच की आज कोचीनचं जे काही दुखणं आहे, पायाचं, उन्हाचं, अंडी न फळण्याचं, ते जवळपास सगळं या वाढवलेल्या पिसांतून आलंय. पिसांचं नीट केलंस तर पक्षी लई सोपा आहे.

गगनबावडेकर

पावसावर मी बोलतो. आमच्याइतका पाऊस तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला येत नसेल, मृगापासून गणपतीपर्यंत ऊन आमच्याकडं पाहुण्यासारखं येतं.

कोचीनला पाऊस मारत नाही, ओल मारते. गावरान भिजली तर पंख झटकते आणि तासाभरात कोरडी होते. कोचीनची पिसं सैल आणि मऊ, आत लव दाट. एकदा आतपर्यंत भिजली की दिवसभर वाळत नाही, त्यात वारा लागला की घरघर सुरू. पायाचं आणखी वाईट. चिखल पिसांत धरतो, वाळला की ढेकूळ होतं, चालताना पीस मुळातून ओढलं जातं. नवीन उगवणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ती तुटली की पाय रक्तानं भरतो आणि लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचायला धावतात. अशा वेळी पक्षी लगेच वेगळा करायचा, जखमेवर हळद दाबून धरायची आणि पाय पूर्ण सुकल्याशिवाय परत सोडायचा नाही.

म्हणून पावसाळ्यात माझ्या कोचीन अंगणात जात नाहीत. आतच ठेवायच्या तर जागा सढळ हवी, मी पक्ष्याला चार-पाच चौरस फूट धरतो. शेडची जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर उंच, मुरूम टाकून चोपलेली. पत्र्याची वळचण पुढं तीन फूट तरी काढा, नाहीतर झड थेट आत येते. पश्चिमेच्या जाळीला ताडपत्रीचा पडदा लावा, पण तो वरून खाली सोडायचा नाही, खालून वर ओढायचा. म्हणजे खाली पाऊस अडतो आणि वरून हवा खेळती राहते. बरेच लोक पावसाच्या भीतीनं सगळीकडून बंद करून टाकतात आणि आतल्या दमटपणानंच पक्षी आजारी पाडतात. शेडमध्ये वाकल्यावर तुमच्या नाकाला अमोनिया झोंबला तर कोंबड्यांच्या डोळ्यांना तो कधीचाच झोंबतोय असं समजा.

खाली गादीला भाताचं तूस, चार इंच. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून टाकू नका. ते ओल धरतं, त्याला बुरशी येते आणि ती बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते. तूस रोज सकाळी दाताळ्यानं खालीवर करायचं. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून टाकायचं, शेडमधली निम्मी ओल तिथली असते. भांडं विटेवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की सांडणं कमी होतं.

रात्री बसायची दांडी एक फुटाच्या वर नको, आणि गोल बांबूऐवजी रुंद लाकडी पट्टी द्या. एवढं वजन घेऊन उंचावरून उडी मारली की तळवा ठेचाळतो, आत पू होतो आणि गाठ बसते. ती गाठ बरी करण्यात महिने जातात.

रस्सा_प्रेमी

पाच किलोचा कोंबडा म्हणताय. किती माणसांचा तांबडा-पांढरा होईल भावा? 😀

वाशीचा_मामा

पिसं उपटून झाली की ये आणि मग मोज माणसं. पुढच्या प्रतिसादांना वाट दे आता.

पंचगंगाकाठ

गगनबावडेकरांच्या लिहिण्याला माझी एक जोड. नदीकाठच्या गावांतल्या लोकांनी शेड कुठं आहे ते आधी बघा. आमच्या चिखलीत २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं. गावरान कोंबड्या कौलावर, झाडावर चढून बसतात. कोचीनला उंच उडता येत नाही. रात्रीत पाणी चढलं तर ती आहे तिथंच बसून राहील. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा पातळी झाली की आम्ही जनावरांबरोबर कोंबड्याही हलवतो, ४३ च्या धोका पातळीपर्यंत थांबत नाही. डालगी आणि जुनी प्लास्टिक क्रेटं मे महिन्यातच धुऊन ठेवायची.

न उडण्याचा फायदा पण आहे म्हणा. अडीच फुटाची जाळी पुरते, शेजाऱ्याच्या मेथीत जात नाहीत. पण मुंगूस आणि कुत्र्याला तीच जाळी काहीच नाही, तेव्हा रात्री पक्कं बंद.

उचगावचा_नवखा

आमच्याकडं नदीचं पाणी येत नाही, पण गटार तुंबून अंगणात उभं राहतं. मुरमाचं लगेच बघतो. पायाची पिसं कापून टाकली तर चालतील का?

गगनबावडेकर

मी जूनच्या सुरुवातीला कापतो. बोटांच्या पुढं आलेली तेवढीच, कात्रीनं, आणि नळीत रक्त नाही हे उजेडात बघून. उपटायची कधीच नाहीत, उपटली की परत नवीन रक्ताची नळी उगवते.

वाशीचा_मामा

इथं माझं जमत नाही तुमच्याशी. कापलेलं पीस पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत परत येत नाही. पायाच्या पिसांवरच जो पक्षी निवडायचा त्याची पिसं कापली तर निवडणार काय? कोरडी जागा देता येत असेल तर कापायची गरज पडत नाही. देता येत नसेल तर कोचीन पाळायचीच का?

गगनबावडेकर

मामा, तुम्ही वाशीत बसून बोलताय. एक जुलै गगनबावड्यात काढा, मग कात्री मीच आणून देतो. ज्या जोडीचा फोटो काढायचा ती सोडून बाकीच्यांची कापायला काय हरकत आहे?

गडहिंग्लजची_ताई

माझा प्रश्न वेगळा आहे. मी गच्चीवर बँटम कोचीन पाळते, एकेक किलोच्या आतल्या. खाणं-पाणी, जागा सगळं कमी लागतं. पण यातली एक काळी मादी सारखी खुडूक बसते. दहा-बारा अंडी दिली की परत खुडूक. भर उन्हाळ्यातसुद्धा खोक्यातून उठत नाही, वजन उतरलंय. शेजारच्या काकू म्हणतात गार पाण्यात बुडव, नाहीतर नाकात पीस खुपस. मला ते करवत नाही. दुसरा उपाय आहे का?

वाशीचा_मामा

ताई, काकूंचा मान राखा पण ऐकू नका. नाकात पीस खुपसल्यानं पक्ष्याला त्रास होतो, खुडूक मोडेलच असं नाही. गार पाण्यात बुडवलेली कोचीन वाळायला किती वेळ लागतो ते वर आलंच आहे.

खुडूक होणं हा कोचीनचा स्वभाव आहे, जगभर तिला त्यासाठीच नावाजतात. पोटाचा घेर, मऊ पिसं आणि शांतपणा. बदकाची, टर्कीची अंडीही लोक तिच्याखाली घालतात. तेव्हा आधी ठरवा, पिल्लं हवीत का नकोत.

हवी असतील तर तिला रवणाला बसवा. अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात रुंद घमेलं किंवा डालगं, तळाला तूस, मधे थोडा खोलगट भाग. अंडी रात्री घालायची, म्हणजे ती कुरकुर करत नाही. बँटमच्या पोटाखाली तिच्या स्वतःच्या आकाराची आठ-दहा बास, मोठ्या कोचीनला दहा-बारा. मोठ्या कोचीनच्या बाबतीत उंच खोकं देऊ नका, वरून धपकन आत उतरते आणि अंडी फुटतात. रोज एकदा उठवून खायला, प्यायला, हगायला बाहेर काढा. स्वतः उठत नसेल तर पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघून हळू उचला. एकविसाव्या दिवशी पिल्लं. लाईट गेली तरी काळजी नाही, हे मशीनला जमत नाही.

नको असतील तर जाळीचा तळ असलेला पिंजरा घ्या, जमिनीपासून वर उचललेला, उजेडात आणि वाऱ्यात, पण उन्हात नको. आत खोकं नाही, तूस नाही. खाणं-पाणी भरपूर. पोटाला खालून वारा लागत राहिला की तीन-चार दिवसांत डोक्यातून निघून जातं. जेवढ्या लवकर हलवाल तेवढं सोपं, आठवडाभर बसून मुरलेली खुडूक जास्त वेळ घेते.

गडहिंग्लजची_ताई

पिंजरा करते, ससे ठेवायचा जुना आहे. पुढच्या वेळी खुडूक झाली की अंडी घालीन तिच्याखाली.

यंत्रमाग_इचल

अंडी न फळण्याचा प्रश्न कुणीच घेतला नाही अजून. मी मशीनवाला माणूस, घेतो.

कोंबडा मागं फिरतो म्हणजे काम होतं असं नाही. कोचीनच्या मागच्या भागात, नराच्याही आणि मादीच्याही, पिसं इतकी दाट असतात की वीर्य पिसांतच राहतं. उपाय साधा आहे. अंडी उबवायला गोळा करायच्या दोन-तीन आठवडे आधी दोघांच्याही मागच्या द्वाराभोवतीची पिसं कात्रीनं बारीक करा. एकानं पक्षी काखेत धरायचा, दुसऱ्यानं कापायची. नराच्या बाबतीत द्वाराच्या खालची जास्त, मादीच्या बाबतीत वरची आणि बाजूची. या पिसांवरून मामा माझ्याशी भांडणार नाहीत, कारण ती कुणाला दिसत नाहीत.

मग माद्यांचं प्रमाण. गावरानला एका नरामागं दहा माद्या चालतात, कोचीनचा नर जड आणि आळशी, चार-पाच पुरे. अंगावर चरबी असेल तर तेवढ्याही जमत नाहीत.

मशीनबद्दल. पंखावाल्या मशीनला ३७.५ अंश. पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. ही आकडेवारी सगळ्या पुस्तकांत मिळेल, पण आपल्याकडं पावसाळ्यात बाहेरचीच हवा ऐंशीच्या पुढं असते. त्यात लोक पुस्तकात लिहिलंय म्हणून ट्रे पाण्यानं भरतात. अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेची पोकळी छोटी राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचात गुदमरतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी पहिले अठरा दिवस ट्रे कोरडाच ठेवतो आणि अंडी तोलतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन बारा-तेरा टक्के उतरलं पाहिजे. कमी उतरलं तर मशीनमध्ये ओल जास्त, जास्त उतरलं तर कमी. हुपरीच्या चांदी कारागिरांकडं असतो तसला ग्रॅमचा छोटा काटा घ्या, स्वयंपाकघरातला चालत नाही.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. फ्रिजमध्ये ठेवू नका, माठाच्या शेजारी गार कोपऱ्यात ठेवा, टोकदार बाजू खाली. दुसऱ्या गावाहून आणलेली असतील तर मशीनला लावायच्या आधी एक दिवस तशीच शांत ठेवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी मारून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर फळलंय, पिवळं स्वच्छ दिसलं तर काढून टाका. कवच तपकिरी असतं, तरी आतलं दिसतं.

आणि एक, निळ्या कोचीनच्या मागं लागलेल्यांसाठी. निळा नर आणि निळी मादी जोडली म्हणजे सगळी निळी पिल्लं निघत नाहीत. निम्मी निळी, पाव काळी आणि पाव स्प्लॅश म्हणजे पांढऱ्यावर निळसर शिंतोडे असलेली. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावा. हे कळल्यावर निळ्या जोडीची किंमत किती द्यायची ते आपलं आपण ठरवा. कुरळ्या पिसांची कोचीन मिळते, तिच्यात कुरळ्याला कुरळा जोडू नका, पाव पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की ती उघडीच राहतात. कुरळ्याला साधा जोडायचा.

उचगावचा_नवखा

मागची पिसं कापायचं आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हतं. आजच कात्री लावतो. पायावर खरखरीत पांढरे खवले उठलेत एका मादीच्या, ते काय?

पैलवान_गल्ली

खवल्या रोग. रॉकेल लाव, दोन दिवसात साफ.

करवीर_पशुवैद्य

रॉकेल अजिबात लावू नका. कातडी भाजते, आणि कोचीनच्या पायाला तर पिसांच्या मुळाशी ते साचून राहतं. खवल्यांखाली डोळ्यांना न दिसणारे कीटक बीळ करून राहतात, त्यांच्यामुळं खवले वर उचलले जातात. पाय कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, जुन्या टूथब्रशनं हलकं घासा, खवला ओढून काढू नका, पूर्ण कोरडा करा आणि व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल खवल्यांच्या आत जाईल असं चोळा. कीटक गुदमरून मरतात. दोन-तीन दिवसांआड, तीन आठवडे तरी करावं लागतं, कारण एकदा लावल्यानं सगळे जात नाहीत. दांड्या आणि खोक्यांच्या फटी धुऊन उन्हात वाळवा. फार वाढलेलं असेल तर औषध आहे, पण मात्रा वजनावर ठरते आणि त्या काळातली अंडी खायची नसतात, तेव्हा दवाखान्यात दाखवून घ्या. पिसांच्या पायांत हे लवकर लक्षात येत नाही. आठवड्यातून एकदा पिसं बाजूला सारून बघायची सवय लावा.

उवा-पिसवांना चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून परात भरून ठेवा, लोळण घेऊन त्या आपलं आपण साफ करतात. पावसाळ्यात ही परात छपराखाली हवी.

लसीबद्दल इथं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मरेक्स रोगाची पहिल्या दिवशी. पाच ते सात दिवसांना लासोटा म्हणजे राणीखेतची लस, डोळ्यात थेंब. बारा-चौदा दिवसांना गंबोरो रोगाची. चौथ्या आठवड्यात लासोटा परत. सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची, पंखाच्या पातळ कातडीत. आठ आठवडे झाल्यावर राणीखेतची आर टू बी टोचून. मानमोडी म्हणजे राणीखेतच. हौशी लोक ही टाळतात कारण बाटली शंभर मात्रांची असते आणि पिल्लं दहा. तर चार घरं मिळून एक दिवस ठरवा. पण एका घरातून दुसऱ्या घरात जाताना हात आणि चपला धुवा. लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची, पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. आजारी पक्ष्याला लस द्यायची नाही.

देवी डासांमुळंही पसरते, म्हणून आपल्या पावसाळ्यात तिचा जोर. आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते ती ओल्या गादीमुळं. वर गगनबावडेकरांनी तुसाबद्दल लिहिलंय ते याच कारणानं महत्त्वाचं.

गडहिंग्लजची_ताई

डॉक्टर, बाहेरून नवीन पक्षी आणला तर किती दिवस वेगळा ठेवायचा?

करवीर_पशुवैद्य

तीन आठवडे तरी, महिना ठेवलात तर उत्तम. वेगळी भांडी, आणि आधी जुन्यांना खायला घालून मग नव्याकडं जायचं. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नवापूरला, २००६ च्या फेब्रुवारीत. २०२१ मध्ये परभणीत परत. एकदम बरेच पक्षी मेले तर पुरून गप्प बसू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.

जयसिंगपूरकर

खाण्याबद्दल दोन शब्द. पिल्लांना वीस टक्के प्रथिनांचं स्टार्टर. लेअरचं म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून पिल्लांना देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमनं मूत्रपिंडं जातात. अंड्यावर आलेल्या मादीला लेअरचं द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा ती खाईल. मक्याचा भरडा मूठभर, तो पण थंडीत संध्याकाळी. ही जात हिंडत नाही, खाऊन बसते, चरबी साठते आणि अंडी बंद होतात.

एप्रिल-मेमध्ये खाणं सकाळी सहाच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी पोटात अन्न असलं की अंगात आणखी उष्णता तयार होते. चोच उघडून धापा टाकायला लागल्या की पत्र्यावर पोती टाकून भिजवा. पक्ष्यावर पाणी ओतू नका.

आता धंद्याचं. उचगावच्या भावा, तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो. वर्षाला दीडशे-पावणेदोनशे अंडी मिळाली तर चांगली मादी म्हणायची, मधे खुडूक आणि पिसं झडणं आलंच. मांसासाठी वाढ इतकी हळू की खाद्याचा खर्च निघत नाही. म्हणजे गिऱ्हाईक उरलं ते फक्त हौशी. २०१९ मध्ये कडकनाथच्या नावानं सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांचे किती पैसे बुडाले ते सगळ्यांनी बघितलंय. कोंबडी वाईट नव्हती, अंडी परत घेतो म्हणणारे वाईट होते. उद्या कुणी कोचीनचं युनिट द्यायला आलं, पिल्लं आमच्याकडून घ्या आणि अंडी आम्हालाच विका म्हणालं, तर दारातूनच परत पाठव. अंड्यावर आणि मांसावर चालणारं काही करायचं असेल तर वनराजा, गिरिराज घे. कोल्हापूरला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं चौकशी कर.

यंत्रमाग_इचल

धंदा नाही हे मान्य, पण खर्च निघतो. चांगल्या जोडीची पिल्लं तीन महिन्यांची करून विकली तर. दिवसाचं पिल्लू विकू नये असं माझं मत आहे. तेव्हा नर-मादी कळत नाही, पायाची पिसं कशी भरणार कळत नाही आणि गिऱ्हाईकाच्या हातात मेलं की नाव आपलं खराब.

जयसिंगपूरकर

यावर माझं काही म्हणणं नाही. खर्च निघणं वेगळं आणि पोट चालणं वेगळं.

बिंदूचौक_विद्यार्थी

मी कॉलेजला आहे, भाड्याच्या खोलीच्या पत्र्यावर एक जोडी ठेवू का?

वाशीचा_मामा

पत्र्यावर मे महिन्यात तू स्वतः तासभर बसून बघ. आणि कोंबडा पहाटे चारला आरवतो, घरमालकाला आधी विचार.

उचगावचा_नवखा

सगळ्यांचं वाचून यादी केली. धंद्याचा विचार बाजूला ठेवला. मुरूम सांगितलाय, तूस गारगोटीच्या भात गिरणीतून पाव्हणे आणतायत. संकराच्या मादीला गावरानमध्ये सोडली. आता नर एक, माद्या दोन, आणि तिघं एकाच माणसाकडून घेतलेले. भाऊ-बहीण असतील तर?

वाशीचा_मामा

असतीलच. एका पिढीनं लगेच काही बिघडत नाही, पण पुढं तसंच चालवलंस तर अंडी फळणं कमी होतं, पिल्लं किरकोळ निघतात. कोंबडा बदल. माझ्याकडं बफचा नर आहे, दोन वर्षांचा, पायाची पिसं मधल्या बोटापर्यंत भरलेली, वेगळ्या घराण्याचा. तुझा इकडं दे, माझा घेऊन जा. दोन्ही महिनाभर वेगळे ठेवायचे, डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणं.

उचगावचा_नवखा

मामा, रविवारी येऊ?

वाशीचा_मामा

ये. सकाळी लवकर ये, ऊन चढायच्या आत. क्रेट आण, पोत्यात घालून आणू नको, पिसं मोडतात.

यंत्रमाग_इचल

मामा, त्या नराची मागची पिसं कापली आहेत का?

वाशीचा_मामा

कापून देतो बाबा.